कोथिंबीर नाही, मग काय घालू? घरच्या स्वयंपाकात एका हिरव्या पानाऐवजी दुसरं वापरताना

पोह्यांवर कोथिंबीर नसली तरी पोहे पोहेच राहतात. कोथिंबीर वडीत मात्र कोथिंबीर नसेल तर ताटात दुसराच पदार्थ आलेला असतो. पान तेच, पण दोन्हीकडे त्याला दिलेलं काम वेगळं. नव्याने स्वयंपाक शिकणारे बहुतेक वेळा इथेच अडतात. "कोथिंबिरीऐवजी काय?" असं विचारतात आणि सगळीकडे चालेल असं एक उत्तर शोधत बसतात. तसं उत्तर नाही. "या पदार्थात कोथिंबिरीऐवजी काय?" असं विचारलं की मात्र दर वेळी काही ना काही सापडतं.

माझा भाचा शिकायला इंग्लंडला गेला तेव्हा पहिले दोन महिने दर दोन दिवसांनी त्याचा फोन यायचा. "मावशी, आमटीत पार्सली टाकली तर चालेल का?" "मावशी, कढीपत्ता नाहीये, तमालपत्र टाकू?" त्याला फोनवर जे जे सांगत गेले ते इथे नीट मांडते आहे. मी स्वतः काही वर्षं जर्मनीत काढली आहेत, आणि पुण्यातही पावसाची झड लागली, जुडीचा भाव चढला आणि हातात आलेली अर्धी जुडी काळी, सडकी निघाली की हेच हिशेब करावे लागतात.

पहिली पायरी: पानाचं काम ओळखा

आपल्या स्वयंपाकात हिरवं पान साधारण चार कामं करतं. पहिलं, शेवटी वरून पेरलं की ताजा वास आणि हिरवा ठिपका देतं; पोहे, उपमा, वरण, भेळ. दुसरं, फोडणीत पडून तेलालाच आपला वास देतं. कढीपत्ता हा त्यातला मुख्य. तिसरं, वाटणाचा गाभा होतं. हिरवी चटणी, मासळीचं हिरवं वाटण, बिर्याणीचा मसाला. चौथं, ते पान म्हणजेच पदार्थ असतो. कोथिंबीर वडी, मेथीची भाजी, शेपूची भाजी, अळूचं फदफदं.

पहिल्या कामात तुम्हाला भरपूर मोकळीक आहे, अगदी काहीच न घालण्याचीसुद्धा. दुसऱ्यात फार कमी. तिसऱ्यात अर्धं पान बदलता येतं, पूर्ण बदललं तर चव पालटते. चौथ्यात पान बदललं की पदार्थाचं नावही बदला. पालकाच्या वडीला पालकाची वडी म्हणावं. खाणाऱ्याला आधीच सांगितलं की तो त्या चवीची वाट पाहत नाही आणि नवी चव आवडीने खातो.

दुसरी पायरी: ते पान कढईत कधी पडतं?

कोथिंबिरीच्या पानातला वास फार नाजूक असतो. उष्णता लागली की उडून जातो. म्हणून ती शेवटी. कढीपत्त्याचा वास तेलात उतरतो, म्हणून तो सुरुवातीला, तापलेल्या तेलात. थाइम, ओरेगॅनो, आपल्याकडचं ओव्याचं जाड पान ही दणकट मंडळी. शिजवल्याने त्यांचा वास जात नाही, उलट पदार्थात मुरतो.

म्हणून शेवटी पडणाऱ्या पानाच्या जागी शेवटी पडणारंच पान शोधा आणि शिजणाऱ्याच्या जागी शिजणारं. ओव्याचं पान चिरून पोह्यांवर पेरलं तर जिभेला चरचरतं. उलट, पावभाजीच्या सुरुवातीलाच मूठभर कोथिंबीर घालून अर्धा तास उकळली तर ती घातल्याचं कुणाला कळणारही नाही.

देठांचं मात्र वेगळं आहे. कोथिंबिरीचे कोवळे देठ पानांपेक्षा जास्त वेळ टिकाव धरतात. ते फेकू नका. बारीक चिरून आमटीत, रश्श्यात, वाटणात घाला. अर्धी जुडीच हाताशी असेल तर देठ वाटणात आणि पानं वरून, अशी वाटणी केली की ती पूर्ण जुडीइतकी पुरते. बदली पान शोधण्याआधी हे करून बघा.

तिसरी पायरी: पान चुरगाळा, हुंगा, चावा

दिसण्यावरून पान निवडायचं नाही. पार्सली आणि कोथिंबीर शेजारी ठेवली तर नवख्याला फरक कळत नाही, पण चुरगाळून हुंगलं की पार्सलीला कोथिंबिरीचा वास अजिबात नसतो. तिचा वास गवताचा, किंचित सेलरीकडे झुकणारा. याउलट थाइमचं इवलंसं पान आणि ओव्याचं तळहाताएवढं, मऊ लव असलेलं पान दिसायला एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, पण हुंगल्यावर नातं लगेच कळतं. थाइम, ओरेगॅनो, ओव्याचे दाणे आणि हे पान, या सगळ्यांत थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही जवळची दोन सुगंधी द्रव्यं कमी-जास्त प्रमाणात असतात. (ओव्याचं पान म्हणून आपण कुंडीत लावतो ते ओव्याच्या दाण्यांचं रोप नव्हे. ती वेगळीच वनस्पती आहे, वास तेवढा सारखा.)

अशा वासाच्या नातेवाइकांची ओळख करून घेतली की कुणाला विचारावं लागत नाही. गवती चहा आणि लिंबाची साल यांच्यात सिट्रल सामाईक. तुळशीत लवंगेतलं युजेनॉल. बडीशेपेच्या पाल्यात बडीशेपेचाच गोडसर वास. नेहमीच्या पुदिन्यात कार्व्होन असतं, आणि गंमत म्हणजे बाळंतशेपेतही, म्हणजे शेपूच्या बियांतही, कार्व्होनच असतं. फक्त दोन्हींच्या रेणूंची ठेवण एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी, डाव्या-उजव्या हातासारखी उलट आहे. तेवढ्या फरकाने नाकाला एक पुदिना वाटतो आणि दुसरा शेपा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन्ही घेऊन आळीपाळीने बराच वेळ हुंगत बसले होते.

चौथी पायरी: प्रमाण

बदली पान पहिल्यांदा वापरताना मूळ मापाच्या एक तृतीयांश घ्या, चव बघा, मग वाढवा. कोथिंबीर आपण मुठीने घालतो, ती सवय पुदिन्याला लावली तर पदार्थ टूथपेस्टकडे जातो. माझी मापं अशी: १ वाटी चिरलेल्या कोथिंबिरीऐवजी पुदिना पाव वाटी, शेपू पाव ते अर्धी वाटी, कांद्याची पात पाऊण वाटी, पार्सली पूर्ण १ वाटी.

ताज्याऐवजी वाळलेलं पान घेताना साधारण ३ भागांना १ भाग धरतात. थाइम, ओरेगॅनो, पुदिना यांना हे लागू पडतं. वाळलेल्या कोथिंबिरीला पडत नाही. तिच्यात रंगापलीकडे फारसं काही उरलेलं नसतं, ती विकत घेऊच नका. आणि वाळलेलं पान वरून पेरायचं नसतं. ते ओलाव्यात निदान ५-१० मिनिटं शिजलं पाहिजे.

आता एकेक पान घेऊ.

कोथिंबीर

सगळ्यात जास्त प्रश्न हिच्याविषयी, म्हणून जास्त जागाही हिलाच.

वरून पेरायला नसेल, तर ताजेपणा दुसरीकडून आणा. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, मटकीची उसळ यांच्यावर ओलं खोबरं आणि लिंबाचे चार थेंब एवढं पुरतं. चिरलेल्या कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग उसळीवर, पिठल्यावर, भरतावर फार छान लागतो. भरतावर तर मला कोथिंबिरीपेक्षा पातच आवडते. नैवेद्याचं ताट असेल किंवा घरात चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असेल, तर ही पात आणि लसणाची पातही बाद. तेव्हा खोबरं-लिंबूच बरं. उपासालाही काही घरांत कोथिंबीर चालते, काहींत नाही. दुसऱ्याच्या घरी करत असाल तर आधी विचारा.

वरणा-आमटीत शेवटी घालायला नसेल तर धणे वापरावेसे वाटतात. लक्षात ठेवा, धणे आणि कोथिंबीर एकाच झाडाची असली तरी दोघांचा वास निराळा. धण्यांत लिनालूल मुख्य, त्याचा वास फुलासारखा, उबदार. कोथिंबिरीच्या पानाचा तीक्ष्ण हिरवा वास वेगळ्याच द्रव्यांचा. धणेपूड आमटीला खोली देईल, ताजेपणा देणार नाही. पाव चमचा धणेपूड फोडणीत आणि उतरवल्यावर थोडी किसलेली लिंबाची हिरवी साल, अशी जोडी केली तर दोन्ही बाजू जरा सांभाळल्या जातात. साल किसताना आतला पांढरा भाग येऊ देऊ नका, कडू होतं.

भाच्याच्या पार्सलीचं उत्तरही हेच होतं: टाक, पण तिच्याकडून वासाची अपेक्षा करू नकोस. पार्सली रंग देते, चावायला पान देते, बाकीचं लिंबू आणि धणे बघतात. पार्सलीतही चपट्या पानाची घ्या. कुरळ्या पानाची चरचरीत असते, घशाशी टोचते.

हिरव्या चटणीत कोथिंबीर पूर्ण बदलू नये. २ वाट्यांची गरज असून १च वाटी असेल तर तिच्यात अर्धी वाटी पालक आणि पाव वाटी पुदिना घाला. पालक उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवून लगेच गार पाण्यात टाका आणि पिळून घ्या, कच्चेपणा जातो आणि रंग हिरवागार राहतो. मूठभर डाळं किंवा शेंगदाणे, आलं, मिरची, लिंबू नेहमीपेक्षा किंचित जास्त. सँडविचला, वड्यासोबत ही चटणी बिनतक्रार खपते.

परदेशात असाल तर व्हिएतनामी, थाई किंवा लॅटिन अमेरिकी दुकानात एक लांबट, कडेला बारीक दाते असलेलं पान मिळतं, तिकडे त्याला कुलांट्रो म्हणतात. आपल्या ईशान्य भारतातल्या राज्यांतही ते रोजच्या वापरात आहे. वास कोथिंबिरीचाच, पण कितीतरी उग्र, आणि शिजवल्यावरही टिकणारा. कोंबडीच्या हिरव्या रश्श्याला, मासळीच्या वाटणाला हे उत्तम. माप निम्म्याहून कमी. वरून पेरायला मात्र राठ लागतं.

कोथिंबीर वडीचं काय? इथे कोथिंबीर भरणा म्हणून आहे, त्यामुळे दुसरी कुठलीही चविष्ट पालेभाजी वडीत बसते, फक्त पाण्याचा हिशेब बदलतो. जर्मनीत मी २ वाट्या बारीक चिरलेली पार्सली आणि १ वाटी कोवळा पालक घ्यायची. त्यात मीठ, तीळ, हळद, तिखट, लसूण-मिरचीचं वाटण, २ चहाचे चमचे धणे-जिरेपूड आणि थोडा गूळ-चिंच घालून १० मिनिटं झाकून ठेवायची. पालकाला सुटलेल्या पाण्यातच सव्वा वाटी बेसन आणि २ मोठे चमचे तांदळाचं पीठ कालवायचं. वरून पाणी घालायचंच नाही. मग वळकट्या करून १५ ते २० मिनिटं वाफवायच्या, पूर्ण गार झाल्यावर कापायच्या आणि तळायच्या. गरम असताना कापल्या तर भुगा होतो. मेथीच्या करायच्या असतील तर मेथी २ वाट्या पुरे, आणि गूळ जरा वाढवा.

घरात कुणी "कोथिंबिरीला साबणाचा वास येतो" म्हणत असेल तर ते नखरे समजू नका. काही माणसांना ती खरोखर तशीच लागते आणि याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी जोडला गेला आहे. त्यांच्यासाठी खोबरं-लिंबू, पार्सली किंवा थोडा पुदिना.

कढीपत्ता

हा प्रामाणिकपणे सांगायला हवा: याला पर्याय नाही. तुळस आणि लिंबाची साल एकत्र घाला, तमालपत्र घाला, असं बरंच सुचवलं जातं. मी दोन्ही करून पाहिलं. तमालपत्राने कढीला पुलावाचा वास येतो. तुळस-लिंबाने काहीतरी बरं तयार होतं, पण ती आपली कढी नव्हे. कढीपत्ता नसेल तर तो वगळा आणि उरलेली फोडणी चोख करा: मोहरी पूर्ण तडतडू द्या, जिरं लाल होऊ द्या, हिंग चिमटीभर जास्त, आलं ठेचून, आणि एक सुकी मिरची तोडून. कढीत शेवटी कोथिंबीर. कढीपत्त्याविना झालेली ही कढी साधी लागते, चुकलेली लागत नाही. चिवड्यात त्याच्या जागी थोडी बडीशेप आणि खोबऱ्याचे तळलेले काप चालतात, कारण तिथे कुरकुरीतपणाही हवा असतो.

ताजा नाही पण वाळलेला आहे, तर तो दुप्पट-तिप्पट घेऊनही वास बेताचाच येतो. गोठवलेला त्याहून कितीतरी चांगला. अमेरिकेत काही भागांत ताजा कढीपत्ता मिळणं अवघड असतं. त्याच्या पानांवरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड जाऊ शकते, म्हणून तिथे त्याची ने-आण बंधनात आहे. त्यामुळे सामानातून नेण्याचा विचार करू नका, तिथल्या भारतीय दुकानातूनच घ्या.

आणखी दोन सावधगिऱ्या. परदेशी नर्सरीत "करी प्लांट" नावाचं रुपेरी, सुईसारख्या पानांचं झुडूप मिळतं. त्याचा कढीपत्त्याशी काही संबंध नाही, फक्त वास मसाल्यासारखा. आणि आपल्याकडे नवखी मंडळी कढीलिंब आणि कडुलिंबात फसतात. कडुलिंबाच्या पानाला करवतीसारखे दाते आणि आकार कोयत्यासारखा वाकडा. शंका आली तर चुरगाळा. कढीलिंब स्वतःची ओळख लगेच देतो.

पुदिना

रायतं, मठ्ठा, चटणी यांत पुदिन्याचं काम थंडावा देण्याचं. तो नसेल तर कोथिंबीर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. किसलेली काकडी घातली की थंडावा तीच आणते. बिर्याणीत पुदिना नसेल तर वाळलेला पुदिना चालतो. थर लावताना दह्यात मिसळून ठेवा. परदेशात विकत घेताना स्पिअरमिंट घ्या, तोच आपल्या नेहमीच्या पुदिन्याच्या जवळचा. पेपरमिंटमध्ये मेंथॉल जास्त, चटणी औषधासारखी होते. पेपरमिंटचा चहा करा.

मेथी आणि शेपू

मेथीच्या दोन गरजा असतात, एक वासाची आणि एक भाजीची. मेथी मटर मलई, पराठे, थालीपीठ, मुटके यांत वास हवा, तिथे कसुरी मेथी अगदी योग्य. १ वाटी चिरलेल्या मेथीऐवजी १ मोठा चमचा कसुरी मेथी कोरडी भाजून, तळव्यावर चुरून घाला. (नाव पाकिस्तानातल्या पंजाबातल्या कसूर शहराचं, पण आपल्याकडची बरीचशी राजस्थानातल्या नागौर भागातून येते.) भाजी हवी असेल तर ३ वाट्या पालक, २ मोठे चमचे कसुरी मेथी आणि फोडणीत ५-६ मेथीदाणे. दाणे लाल होईपर्यंतच परता, काळे पडले तर सगळी भाजी कडू. या भाजीत लसूण जरा सढळ हाताने.

इराणी दुकानात मेथीला शंबलीले म्हणतात आणि ती वाळलेली किंवा गोठवलेली हमखास मिळते, कारण त्यांच्या घोर्मे सब्जीत ती लागतेच. तुर्की दुकानात शेपू म्हणजे देरेओतू, पार्सली म्हणजे मायदानोज, पुदिना म्हणजे नाने. हे शब्द मला फार उपयोगी पडले. जर्मनीतल्या पहिल्याच हिवाळ्यात मी कोथिंबीर समजून मायदानोजच्या दोन मोठ्या जुड्या घरी आणल्या होत्या. वर दिलेली पार्सलीची वडी त्यातूनच जन्मली.

शेपूला जवळचं पान म्हणजे बडीशेपेचा पाला. दिसायला तसाच पिसासारखा, चवीला गोड. शेपू-मुगाच्या डाळीच्या भाजीत वापरायचा तर तो निम्मा आणि उरलेला पालक, वर फोडणीत पाव चमचा बाळंतशेप. शेपू न आवडणाऱ्यांनाही हे आवडतं, असा माझा अनुभव आहे.

अळू, चुका आणि आंबटपणा

फदफद्यात अळूच्या जागी पालक चालतो, परदेशात स्विस चार्ड त्याहून छान, कारण त्याच्या देठांना अळूच्या देठासारखा दाटपणा येतो. अळू खाजरा असतो, घशाला खवखव होऊ नये म्हणून त्यात चिंच किंवा चुका लागतोच. पालकाला तशी गरज नाही, तरीही आंबट घाला, नाहीतर ती शेंगदाणे-खोबऱ्याची पालक भाजी होते. चुक्याच्या जागी अंबाडी चालते, पण ती जास्त आंबट आणि राठ, म्हणून आधी वाफवून पाणी काढून टाका. युरोपातलं सॉरेल चुक्याच्याच कुळातलं, सरळ त्या जागी घाला. काहीच नसेल तर चिंचेचा कोळ किंवा दोन-तीन आमसुलं.

अळूवडी मात्र पालकाची करता येते, असं सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. पान लहान, पातळ. गुंडाळीचे थरच येत नाहीत. चार्डची मोठी पानं जाड शीर कापून घेतली तर जमतं.

पातोळ्यांसाठी हळदीची पानं नसतील तर केळीच्या पानावर करा. आकार येतो, हळदीच्या पानाचा वास येत नाही. सारणात वेलची-जायफळ नेहमीपेक्षा जरा वाढवून भागवावं लागतं. नागपंचमीला, गणपतीत, किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या सणाला करायच्या असतील तर पानं आधीच जमवून ठेवा. एका कुंडीत लावलेल्या हळदीला पावसाळ्यात पुरेशी पानं येतात.

परदेशी पाककृती आपल्या पानांनी

इटालियन पाककृतीत थाइम किंवा ओरेगॅनो सांगितलं आणि कुंडीत ओव्याचं पान आहे, तर ते वापरा. १ मोठ्या चमचाभर ताज्या थाइमला एक मध्यम पान, अगदी बारीक चिरून, सॉस शिजताना. ओरेगॅनोच्या जागी मरवाही चालतो. आपण गजऱ्यात माळतो तो मरवा आणि पाश्चात्त्य स्वयंपाकातलं मार्जोरम एकच. मात्र गजरेवाल्याकडचा मरवा खाण्यासाठी पिकवलेला नसतो, औषधफवारणीची खात्री नसते; घरच्या कुंडीतलाच घ्या.

बेसिलला आपल्याकडे सब्जा आहे. ज्याच्या बिया आपण फालुद्यात घालतो, ते झाड बेसिलच्याच जातीचं. वास इटालियन वाणाइतका गोड नसतो, पण टोमॅटोच्या सॉसला शोभतो. देवघरातली तुळस वेगळी: तिला लवंगेचा झणका असतो, पास्त्यात ती विचित्र लागते. थाई पद्धतीच्या काप्राव या झणझणीत परतलेल्या पदार्थात मात्र तीच लागते, त्याचं नावच मुळी तुळशीवरून. अर्थात अनेक घरांत तुळस अशी शिजवत नाहीत, मांसासोबत तर नाहीच. तुमच्या घरी तसं असेल तर सब्जाची पानं घ्या आणि एक लवंग ठेचून टाका.

लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा, फक्त थाई सुपात पानांऐवजी खालचा पांढरट जाड बुंधा वापरतात. बाजारातल्या जुडीत बुंधा नसेल तर पानांची गाठ मारून सुपात उकळा आणि काढून टाका. तीही नसतील तर लिंबाची साल, शेवटच्या दोन मिनिटांत.

एक इशारा द्यायलाच हवा. रस्त्याकडेला, माळावर उगवलेलं, "हे अगदी शेपूसारखं दिसतं" असं कुठलंही पान स्वयंपाकात घेऊ नका. गाजर-कोथिंबिरीसारखी चिरलेली पानं असलेल्या काही वनस्पती विषारी असतात. जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय नाही.

वेळच येऊ नये म्हणून

कोथिंबीर न धुता, सडकी पानं काढून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून बंद डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहते. जास्त आली तर मिरची-आल्यासह वाटून, चमचाभर तेल घालून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. हे तुकडे फक्त वाटणाच्या कामाचे, वरून पेरायला नाहीत. कढीपत्ता धुऊन पूर्ण कोरडा करा आणि डहाळ्यांसकट पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. वितळवू नका, थेट तेलात टाका, पण हात लांब ठेवून, कारण तो तडतडून उडतो.

कुंडीत कोथिंबीर लावायची तर धणे हलकेच रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. आठवडा-दोन आठवड्यांत उगवते, महिना-दीड महिन्यात खुडता येते. कडक उन्हाळ्यात लवकर फुलोऱ्यावर येते, म्हणून तेव्हा सावलीची जागा द्या. कढीपत्त्याचं रोप मात्र पहिल्या वर्षी पानांसाठी ओरबाडू नका. बुंधा जरा जाड झाला की वरचा शेंडा खुडा, म्हणजे खालून दोन फांद्या फुटतात.